संगणकाची रोजकीर्द

खात्यांत तफावत आढळली, की प्रथम रोजकीर्द उघडली जाते. संगणकही स्वतःची अशी रोजकीर्द ठेवीत असतो. मात्र बहुतेक वापरकर्त्यांना तिची ओळख नसते. विंडोज प्रणालीत ती पाहण्याची सोय 'इव्हेंट व्ह्यूअर' या नावाने १९९३ सालच्या विंडोज एनटीपासून आहे. मॅक संगणकात हेच काम 'कन्सोल' करतो.

स्टार्ट मेनूत हे नाव टाइप करून प्रोग्राम उघडावा आणि 'विंडोज लॉग्ज'मधील 'सिस्टिम' निवडावे. प्रत्येक नोंदीत वेळ, नोंद करणारा घटक, क्रमांक व स्तर दिलेला असतो. 'इन्फर्मेशन' म्हणजे केवळ माहिती, 'वॉर्निंग' म्हणजे इशारा, 'एरर' म्हणजे चूक आणि 'क्रिटिकल' म्हणजे गंभीर बिघाड.

समजा, काम चालू असताना संगणक अचानक बंद पडला. पुन्हा सुरू केल्यावर 'कर्नेल-पॉवर', क्रमांक ४१ ही नोंद दिसते. संगणक रीतसर बंद झाला नाही, एवढेच ती सांगते. वीज गेली, पॉवर सप्लाय बिघडला की कोणी बटण दाबून धरले, हे सांगत नाही. म्हणून त्या वेळेच्या आधीच्या नोंदी वाचाव्यात. तेथे 'डिस्क', क्रमांक ७ वारंवार आढळल्यास हार्ड डिस्कचा काही भाग खराब झाला आहे असे समजावे, आणि दुरुस्तीपूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

मात्र लाल खूण दिसली म्हणजे संगणक बिघडलाच, असे नव्हे. उत्तम स्थितीतील संगणकातही चुकांच्या अनेक नोंदी असतात. क्रमांक १००१६ची नोंद तर दुर्लक्षिण्यास हरकत नाही, असे खुद्द मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट केले आहे. वेळ जुळते का आणि नोंद पुन्हा पुन्हा येते का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे.

या अज्ञानाचाच लाभ भामटे घेतात. 'आपल्या संगणकात विषाणू शिरला आहे', असा दूरध्वनी येतो. ग्राहकाला इव्हेंट व्ह्यूअर उघडावयास सांगून त्यातील लाल खुणा पुरावा म्हणून दाखविल्या जातात. मग 'दुरुस्ती'साठी संगणकाचा दूरस्थ ताबा मागितला जातो, आणि तो एकदा दिला की बँक खाते दूर राहत नाही. मायक्रोसॉफ्ट आपणहून असा दूरध्वनी करीत नाही. फसवणूक झालीच, तर संगणकाची इंटरनेट जोडणी तोडावी, बँकेस तत्काळ कळवावे व १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

खातेपुस्तिका जशी ग्राहक स्वतः तपासतो, तशीच ही रोजकीर्दही अधूनमधून स्वतः पाहावी. नेहमीच्या नोंदी परिचयाच्या असल्या, तर वेगळी नोंद चटकन ओळखता येते आणि कोणाच्या धाकास बळी पडण्याचे कारण उरत नाही.