बोरन्हाणाची लूट

सज्जनहो, आज लहान मुलांच्या एका कौतुकाचा विचार करावयाचा आहे. विषय बोरन्हाणाचा. पुरुषमंडळी म्हणतील, हे बायकांचे काम, यात बुवांना काय कळते? तेच सांगावयाचे आहे. बुवांना कळत नव्हते.

सन २०२४ च्या संक्रांतीनंतर आठएक दिवसांनी सोलापूर जिल्ह्यातील एका गावी कीर्तन होते. कीर्तन सुटल्यावर पाया पडणारांची रीघ ओसरली, तरी एक तरुण बाई दीड वर्षाचे मूल कडेवर घेऊन खांबाशी थांबलेली दिसली. जवळ बोलाविले, तेव्हा हळूच म्हणाली, "महाराज, एक विचारू का? बोरन्हाण शास्त्रात आहे का?"

"का बरे?"

"आमच्या जावेच्या मुलाचं थाटात झालं. मंडप, हलव्याचे दागिने, फोटोवाला, आलेल्या पोरांना एकेक डबा. आमच्याच्यानं तेवढं व्हायचं नाही. शास्त्रात नसेल तर घरात तसं सांगीन. महाराजांनी सांगितलं म्हणजे कुणी बोलायचं नाही."

मी तत्काळ उत्तर दिले. गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंत सोळा संस्कार सांगितले आहेत, त्यांत बोरन्हाण नाही. केले नाही म्हणून दोष लागत नाही, निश्चिंत राहा. बाईचा चेहरा हलका झाला. माझाही झाला असावा. शास्त्र सांगून एका गरिबाच्या डोक्यावरचे ओझे उतरविले, या समाधानात मी पानावर बसलो आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

त्यानंतर पंधरा दिवसांत आमच्या नातवाचे बोरन्हाण निघाले. मुलाचे बिऱ्हाड पुण्यास. घर लहान, म्हणून एक लहानसा हॉल घेतला होता. नातू चौदा महिन्यांचा. त्याला काळे मखमली झबले घातले, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, हातांत बाजूबंद, आणि मुठीत हलव्याची बासरी. हलव्याला काटा असतो, तो त्या कोवळ्या मानेला टोचे, आणि पोर रडे. पाटाऐवजी सिंहासनासारखी खुर्ची. समोर चुरमुरे, बोरे, उसाचे करवे, हलवा यांनी भरलेले पातेले. भोवती पंधरावीस मुले दबा धरून बसलेली.

सुनेने पहिले भांडे डोक्यावरून ओतले आणि मुले झेपावली. तोच फोटो काढणारा ओरडला, "थांबा, थांबा! पोरं मध्ये येतायत." आयांनी आपापल्या मुलांचे दंड धरून त्यांना मागे ओढले. पुन्हा ओतले. "अजून एकदा, जरा वरून." तिसऱ्यांदा ओतले. तोपर्यंत मुलांचा उत्साह मावळला होता. मग सर्वांना खाऊच्या रंगीत पिशव्या वाटल्या, मंडळी जेवावयास गेली, आणि हॉलवरचा एक नोकर लांब झाडू घेऊन आला व ते सगळे चुरमुरे, बोरे, हलवा गोळा करून पोत्यात भरून घेऊन गेला.

मी तो झाडू पाहात राहिलो. काहीतरी चुकत होते, पण काय ते लगेच कळेना.

रात्री झोप येईना, तेव्हा पाठशाळेतल्या सवयीप्रमाणे एकेक संस्कार मनात घोळवू लागलो. पारस्कर गृह्यसूत्रात दहाव्या दिवशी नामकरण सांगितले आहे. नाव पित्याने ठेवावे, मुलाचे दोन किंवा चार अक्षरी असावे. चौथ्या महिन्यात निष्क्रमण, म्हणजे मुलास घराबाहेर नेऊन सूर्य दाखविणे. सहाव्या महिन्यात अन्नप्राशन, ज्याला आपण उष्टावण म्हणतो. (येथे एक गोष्ट नमूद करितो. आजचे बालरोगतज्ज्ञही पहिले सहा महिने केवळ आईचे दूधच द्या, वरचे अन्न त्यानंतर, असे सांगतात. हा मेळ पाहून मला फार संतोष होतो. परंतु जातकर्मात मध-तूप चाटविणे सांगितले आहे, ते मात्र आता वर्षाच्या आत देऊ नये. मधात क्वचित असणाऱ्या जंतूंच्या बीजांनी तान्ह्या मुलास अंग लुळे पडण्याचा गंभीर विकार होतो. पहिल्या ठिकाणी डॉक्टरांना डोक्यावर घ्यावयाचे आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांचे ऐकावयाचे नाही, असे आजोबांनी करू नये.) वाढदिवसालाही शास्त्र आहे. अब्दपूर्तीला मार्कंडेय आणि सात चिरंजीव यांचे स्मरण करून तीळ व गूळ घातलेले दूध प्यावयाचे असते. ते झाल्यावर कोणी केक कापला तर माझे काही भांडण नाही.

आता नीट पाहा. नाव कोणाला मिळाले? मुलाला. सूर्यदर्शन, अन्न, आयुष्याचा आशीर्वाद, सर्व कोणाला मिळाले? मुलालाच. संस्कारांत मूल हे घेणारे आहे, आणि ते योग्यच आहे. ते लहान आहे, त्याच्यापाशी देण्यासारखे काय असणार? परंतु बोरन्हाणात काय होते? जे ओतले ते मुलाच्या अंगावर राहात नाही. डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून मांडीवर, आणि मांडीवरून जमिनीवर. तेथून ते दुसऱ्यांच्या मुठीत. ज्याचे कौतुक, त्याला त्यातले जवळजवळ काहीच मिळत नाही. ज्याला अजून धड उभे राहता येत नाही, त्या मुलाच्या हातून नव्हे, तर त्याच्या नुसत्या असण्यातून गल्लीतल्या पोरांना खाऊ मिळतो! बारशाच्या घुगऱ्या वाटतात त्या मोठी माणसे. येथे वाटणारे कोणी नाही, वाढपी नाही, पंगत नाही. म्हणूनच बायका याला लूट म्हणतात. 'अमक्याच्या घरी लूट आहे, या गं' असे आमची आई आळीतून सांगत फिरे.

वारकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावयास हवे का? आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो. लाह्या उधळल्या की धोतर नेसलेले साठ वर्षांचे गृहस्थही उपरणे पसरून पुढे सरतात. तो लाहीचा एक दाणा विकत घेतलेल्या पेढ्यांपेक्षा मोलाचा का वाटतो? तो आपल्याला कोणी मोजून दिलेला नसतो, आणि शेजारच्यालाही त्याच उधळणीतून मिळालेला असतो. मी आयुष्यभर काल्याची कीर्तने केली, आणि घरात माझ्याच नातवाचा काला झाडून नेला तोपर्यंत मला बोरन्हाण कळले नाही.

येथे कोणी शंका घेईल की, महाराज, हे सर्व गोड आहे, पण शास्त्रात नाही ते नाहीच ना? शंका रास्त आहे. तिचे उत्तर ऐका. श्रुती, स्मृती यांच्यापाठोपाठ शिष्टांचा आचार हेही धर्माचे प्रमाण मानिले आहे. त्याहून स्पष्ट सांगतो. आपस्तंब धर्मसूत्र संपता संपता सूत्रकार काही आचार्यांचे मत देतात, की येथे जे धर्म सांगावयाचे राहिले ते स्त्रियांकडून आणि सर्व वर्णांच्या लोकांकडून समजून घ्यावेत. हे सूत्र मी सोळाव्या वर्षी पाठ केले. गुरुजींनी अर्थ सांगितला होता, तोही लक्षात होता. आणि पन्नास वर्षांनी एक बाई खांबाशी उभी राहून मला विचारीत होती, तेव्हा तिलाच उलट विचारावे की, 'माउली, तुमच्याकडे कसे करितात, तुमची आजी कसे करी?' हे मला सुचले नाही. ग्रंथ म्हणतो तिला विचार, आणि मी तिला उत्तर देऊन मोकळा झालो!

उत्तर खोटे नव्हते, अर्धे होते. तिला बोरन्हाण नको नव्हते. तिला मंडप परवडत नव्हता. मी मंडपाबरोबर बोरेही काढून घेतली.

खर्च खरोखर कशाचा असतो ते पाहू. संक्रांतीच्या सुगडात जे घालावयाचे तेच येथे: बोरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा. सगळे त्या दिवसांत शेतात आणि बांधावर असतेच. त्यात दोन मापे चुरमुरे मिसळले की झाले. हलवा तेवढा कष्टाचा. खसखस किंवा साबुदाणा परातीत घेऊन मंद विस्तवावर साखरेचा पाक थोडा थोडा सोडीत बोटांनी सारखे फिरवीत राहावे लागते, आणि हवेत थंडी असेल तरच काटा धरतो. आमच्या आईची बोटे पौष महिन्यात हुळहुळी झालेली असत. तरी ती अंगावर घालण्याचे दागिने करीत नसे, मूठभर दाणे करी आणि चुरमुऱ्यांत टाकी. कोणाच्या मुठीत हलव्याचा दाणा आला की ते पोर राजा!

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर घडली. पुण्याच्या त्या हॉलमध्ये एक बोर घरंगळत नातवाच्या मांडीवर राहिले होते. चार वर्षांच्या पुतणीने प्रेमाने ते त्याच्या तोंडात घातले. सुनेचे लक्ष होते म्हणून तिने बोट घालून काढले. बोराची बी, शेंगदाणा, सुका हरभरा, नाणे, यांतले काहीही लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकते. बोरन्हाण पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचे करितात, आणि नेमका हाच वयाचा धोका. तेव्हा पाटावरचे मूल तान्हे असेल तर त्याच्यावर नुसते चुरमुरे ओतावेत आणि बोरे बाजूला पसरावीत. नाणी तर वगळावीतच. लुटणाऱ्यांत अगदी लहान असतील त्यांच्याजवळ एकेक मोठे माणूस बसवावे. हलव्याचा हार टोचत असेल तर काढून ठेवावा, मुलापेक्षा हार मोठा नाही. आणि फोटो हवा असेल तर लूट चालू असताना कोणी मोबाईलवर काढील तेवढा पुरे.

आता काळाविषयी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही बोरन्हाण करता येते. संक्रांत सूर्याच्या राशीवर, रथसप्तमी चंद्राच्या तिथीवर. म्हणून हे अंतर दर वर्षी सारखे नसते. २०२६ साली १४ जानेवारीपासून २५ जानेवारीपर्यंत अकराच दिवस मिळाले. २०२४ साली १५ जानेवारीपासून १६ फेब्रुवारीपर्यंत चांगला महिना मिळाला होता. पंचांगाची ती कृपाच झाली म्हणावयाची. माघवारीसाठी मी पंढरपुरास निघालो होतो, वाटेत वसंतपंचमीला त्याच गावी उतरलो. सप्तमीला दोन दिवस होते.

त्या बाईचे घर विचारीत गेलो. ती धुणे वाळत घालीत होती, मला पाहून गडबडली. मी म्हटले, "बाई, मी तुम्हाला सांगितलं ते अर्धंच होतं. बाकीचं अर्धं सांगायला आलोय." ओसरीवर बसून वर लिहिले तेच थोडक्यात सांगितले. तिची सासू दाराआडून ऐकत होती, ती बाहेर येऊन म्हणाली, "मी तेच म्हणत होते हो. आमच्या वेळेला कुठं मंडप होता?" मग सुनेकडे वळून, "पण तू म्हणालीस महाराज नको म्हणाले." यावर मला बोलण्यासारखे काही राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात पाट मांडला. बोरे बांधावरची, ऊस शेजाऱ्याच्या शेतातला, चुरमुरे दुकानातून दोन मापे. जाऊबाई स्वतः हलव्याचा मुकुट घेऊन आल्या. "कपाटात पडूनच आहे की, मुंग्या लागायच्या," म्हणाल्या. मूल तो मुकुट घालू देईना, तेव्हा त्यांनीच तो मोडून चुरमुऱ्यांत मिसळला. औक्षण झाले. आईने भांडे उचलून पोराच्या डोक्यावरून ओतले आणि दहाबारा मुले त्याच्यावर पडली. क्षणभर ते पोर भांबावले, ओठ काढले, रडणार असे वाटले. मग पाटावरून घसरून खाली आले आणि इतरांबरोबर आपलेच चुरमुरे लुटू लागले. दोन मुठी भरल्या, त्या नेऊन शेजारच्या पोरीच्या परकराच्या ओच्यात टाकल्या, आणि पुन्हा वळून तसेच रांगत आणावयास गेले. असे तीनचार वेळा झाले. ते कोणी त्याला शिकविलेले नव्हते.

दिवे लागले तेव्हा अंगणात एक चुरमुरा शिल्लक नव्हता. सासूबाई केरसुणी घेऊन आल्या होत्या, ती त्यांनी तशीच भिंतीला टेकवून ठेविली.