आमच्या बांधीतले सारस

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच पक्षी आहे. तो जवळजवळ माणसाएवढा असतो. महाराष्ट्रात आता सारस फार थोडे उरले आहेत. ते मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात दिसतात.

सारस पावसाळ्यात तळ्यात किंवा धानाच्या बांधीत घरटे करतात. पाण्यात गवत व काड्या रचून ढीग करतात. मादी बहुधा दोन अंडी घालते. नर व मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवतात.

यंदा आमच्याच बांधीत घरटे झाले. थोडे धान मोडले. मला राग आला. मी म्हणाले, "बाबा, घरटे काढून टाका ना!" बाबा म्हणाले, "अगं, पायलीभर धान जाईल. ते पुढच्या साली पिकेल. सारस गेले तर कुठून आणशील?"

बाबांनी बांधीतले पाणी सोडले नाही. भोवती पाणी असले की कुत्री घरट्यापर्यंत सहज जात नाहीत. त्या बाजूला औषधही फवारले नाही. मी रोज लांबून, धुऱ्यावरून पाहत होते. दोन पिल्ले निघाली. एक पुढे दिसले नाही. दुसरे आईबापांमागे चालते.

मित्रांनो, घरटे दिसले तर जवळ जाऊ नका. अंड्यांना हात लावू नका. घरी मात्र जरूर सांगा.

– इयत्ता ४ थी