महाडच्या उकाड्यात लाजरा एंजलफिश: खर्च किती?

कोरल ब्यूटी हा जांभळा-केशरी, जेमतेम चार इंचांचा समुद्री एंजलफिश. त्याला चार हजार रुपये धरा. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो, कारण या छंदात मासाच सर्वांत स्वस्त. महाड-पोलादपूरकडे पैसा जातो तो पाणी थंड ठेवण्यात आणि वीज गेल्यावर ते खेळतं ठेवण्यात.

टाकी ३०० लिटरपेक्षा लहान नको. खालच्या संपसह (गाळणीच्या टाकीसह) आणि स्टँडसह ३० हजार, चिलर ३०, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि पंप मिळून २५, दिवे २०, आरओ-डीआय फिल्टर १०, दगड-वाळू १० आणि इन्व्हर्टर २० हजार. बेरीज १ लाख ४५ हजार. हे माझे ढोबळ आकडे आहेत. दुकानदाराचे भाव घालून पुन्हा बेरीज करा. चिलरवर मात्र काटकसर नको. पाणी २५-२६ अंशांवर राहायला हवं आणि आपल्याकडचा एप्रिल कसा असतो हे सांगायला नको.

पाणी, दगड, काच मिळून वजन चारशे किलोंच्या आसपास जातं, म्हणून टाकी तुळईजवळ, भिंतीलगत ठेवा. जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या गावात, चवदार तळ्याजवळ असो वा बाजारपेठेत, ती तळमजल्यावर ठेवू नये असंच मी सांगेन. इन्व्हर्टरवर फक्त पंप आणि वेव्हमेकर जोडा. पाणी हललं नाही तर त्यातला प्राणवायू संपतो.

आता महिन्याचा खर्च. लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे पहिल्या भरणीला साडेदहा किलो. पुढे आठवड्याला ३० लिटर पाणी बदललं तर महिन्याला सव्वाचार किलो. ३०० रुपये किलोने सुमारे १,२५०. दिवे आठ तास आणि पंप-स्किमर अखंड चालवले तर ९५ युनिट, उन्हाळ्यात चिलरचे आणखी ७०-७५. युनिटला दहा रुपये धरले तर ९५०, उन्हाळ्यात १,७००. खाद्य आणि चाचणी किटचे हजार. एकूण ३,२०० ते ४,०००.

मीठ वाचवायला बाणकोटच्या खाडीचं पाणी आणू नका. सावित्रीचं गोडं पाणी त्यात मिसळतं, पावसात गाळही येतो.

प्रवाळाची गोष्ट वेगळी. आपल्या समुद्रातले खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते तोडणं-विकणं गुन्हा आहे. दुकानात मिळालं तर रीतसर आयातीची कागदपत्रं मागा, नसतील तर सोडून द्या. कृत्रिम दगडांच्या कपारी या माशाला पुरतात. शिवाय एखादा कोरल ब्यूटी प्रवाळ टोचून खातो. आधी कळायला मार्ग नाही.

टाकी तीन-चार महिने मुरू द्या, दगडांवर शेवाळ धरू द्या. तो दिवसभर तेच कुरतडतो. दुकानदाराला तुमच्यासमोर खाद्य टाकायला सांगा. न खाणारा मासा निम्म्या किमतीतही घेऊ नका. मुंबईहून आणायचा तर थर्माकोलच्या डब्यात, प्राणवायू भरलेल्या पिशवीत. घरी आधी वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा, त्याचे चार-पाच हजार वेगळे धरा. पहिले काही दिवस तो कपारीतून बाहेर येणार नाही. दिवे मंद ठेवा, काचेवर टकटक करू नका, आणि भांडखोर डॅमसेल मासे आणायचेच असतील तर त्याच्या नंतर आणा.