चाकाची पकड आणि मोटारीचे स्थैर्य

मिरज, हुबळी आणि तुमकूर या मार्गाने येणारी आगगाडी बंगळूर शहरात शिरताना यशवंतपूर स्थानक लागते. पावसाने रूळ ओले झाले असता जड गाडी ओढू पाहणाऱ्या इंजिनाची चाके कधी कधी जागच्या जागीच गरगर फिरू लागतात. इंजिनाची शक्ती अपुरी असते म्हणून असे घडत नाही. चाक आणि रूळ यांच्यातील घर्षण अपुरे पडते. यासाठी इंजिनात वाळूच्या पेट्या असतात. चाकांपुढे थोडी वाळू सोडली की चाके रूळ पुन्हा धरू लागतात. स्थानकाजवळून जाणाऱ्या तुमकूर रस्त्यावरील मोटारीपुढेही हीच अडचण असते. मात्र मोटारीजवळ वाळूची पेटी नसते. रस्ता देईल तेवढ्याच घर्षणावर तिला निर्वाह करावा लागतो.

हे घर्षण किती असते? मोटारीचा प्रत्येक टायर साधारणपणे तळहाताएवढ्या जागेवरच रस्त्याला टेकलेला असतो. वेग वाढविणे, वेग कमी करणे आणि वळणे ही तिन्ही कामे त्या चार जागांवरच होतात. एका टायरची एकूण पकड 10 एकके आहे असे मानू. त्यातील 6 एकके वळण्यासाठी लागली, तर ब्रेकसाठी 4 नव्हे, 8 उरतात; कारण ही बले एकमेकांशी काटकोनात असतात. परंतु सर्व 10 एकके ब्रेकनेच घेतली, तर वळण्यासाठी काहीही उरत नाही. म्हणूनच चाके जखडून घसरणारी मोटार, सुकाणूचक्र कितीही फिरविले तरी, सरळच जात राहते.

या अवस्थेवरील उपाय म्हणजे जखडणरोधी ब्रेक. चाकाचा वेग मोटारीच्या वेगाहून सुमारे 10 ते 20 टक्के कमी असताना टायरची पकड सर्वाधिक असते. प्रत्येक चाकाजवळील संवेदक त्याचा वेग मोजतो. चाक जखडू लागल्याचे दिसताच त्याच्या ब्रेकवरील दाब क्षणभर कमी केला जातो व पुन्हा वाढविला जातो. एका सेकंदात असे अनेक वेळा घडते. बॉश कंपनीची अशी विद्युतनियंत्रित रचना 1978 मध्ये मर्सिडीझ मोटारीत प्रथम बसविण्यात आली. शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारमध्ये ती 1986 मध्ये आली.

कर्षणनियंत्रण हे याच तत्त्वाचे दुसरे अंग होय. स्पोर्ट्स कारचे इंजिन इतके बलवान असते की, ओल्या रस्त्यावर गतिपेडल थोडे अधिक दाबले तरी मागची चाके गरगर फिरू शकतात. हे लक्षात येताच यंत्रणा इंजिनाचे बल कमी करते आणि आवश्यकता असल्यास फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते. रेल्वेचे इंजिन घर्षण वाढविते. मोटार आपली मागणी कमी करते.

स्थैर्यनियंत्रण याच्याही पुढे जाते. चालकाने सुकाणूचक्र किती फिरविले आणि मोटार प्रत्यक्षात आपल्या उभ्या अक्षाभोवती किती वळत आहे, यांची ते सतत तुलना करते. मोटार अपेक्षेपेक्षा कमी वळत असेल, तर मुख्यतः आतील बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लागतो. मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला, तर बाहेरील बाजूच्या पुढच्या चाकाला लागतो. अशा रीतीने एकाच चाकाचा ब्रेक वल्ह्यासारखा वापरून मोटारीचे तोंड योग्य दिशेला आणले जाते. 1997 मध्ये स्वीडनमधील एका चाचणीत मर्सिडीझची लहान ए-क्लास मोटार उलटली. त्यानंतर कंपनीने त्या मोटारीत ही यंत्रणा सरसकट बसविली.

डोलनियंत्रणाचे काम केवळ प्रवाशांच्या सुखापुरते नाही. खड्ड्यावरून उसळलेले चाक जोवर हवेत असते, तोवर त्याला पकडच नसते. शॉक अॅब्सॉर्बर फार मऊ असेल तर मोटार डोलते. फार कठीण असेल तर चाक उसळते. 2003 च्या कॉर्व्हेटमध्ये यासाठी लोहकण मिसळलेले तेल वापरण्यात आले. विद्युतप्रवाहाने चुंबकीय क्षेत्र निर्माण होताच हे कण साखळ्यांसारखे जुळतात आणि तेलाचा प्रवाहाला होणारा विरोध वाढतो. त्यामुळे सेकंदाच्या अल्पांशात त्याची कठीणता बदलता येते.

या यंत्रणांनाही मर्यादा आहेत. सुट्या खडीवर जखडलेले चाक आपल्यापुढे खडीचा ढीग उभा करून लवकर थांबते. तेथे जखडणरोधी ब्रेकने थांबण्याचे अंतर वाढू शकते. चिखलात रुतलेली मोटार बाहेर काढताना कर्षणनियंत्रण काही वेळ बंद करणे सोयीचे ठरते.

सर्वांत मोठी मर्यादा घर्षणाचीच असते. घर्षणगुणांक कोरड्या रस्त्यावर 0.8 व ओल्या रस्त्यावर 0.4 धरला, तर ताशी 72 किलोमीटर वेगाच्या मोटारीला ब्रेक लागल्यापासून थांबण्यास अनुक्रमे सुमारे 25 व 51 मीटर लागतात. 50 मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर कोरड्या रस्त्यावरील वेगमर्यादा ताशी सुमारे 71 किलोमीटर येते. ओल्या रस्त्यावर ती 50 वर उतरते. त्या ओल्या वळणावर जो 70 च्या वेगाने शिरला, त्याला कोणताही संवेदक वळणात ठेवू शकणार नाही. यंत्रणा उपलब्ध पकडीची योग्य वाटणी करते. नवी पकड निर्माण करीत नाही. भारतात एप्रिल 2019 पासून सर्व नव्या मोटारींना जखडणरोधी ब्रेक सक्तीचे आहेत. तथापि, पाऊस पडताच वेग कमी करण्याचे काम आजही चालकाकडेच आहे.