प्राध्यापक बेंद्रे यांची चित्रशाळा

गणिताच्या तासाला गुरुजींनी एक उदाहरण घातले, तर वर्गातील तीसही मुलांचे उत्तर एकच यावे लागते. ज्याचे निराळे येते, त्याचे चुकते. परंतु त्याच मुलांपुढे मातीची एक घागर ठेवून तिचे चित्र काढावयास सांगितले, तर तीस चित्रे तीस प्रकारची होतात. कोणाला घागरीचा डौलदार घाट आवडतो. कोणाचे लक्ष तिच्या एका अंगावर पडलेल्या सावलीकडे जाते. तर कोणी तिच्या तांबूस रंगातच रमून जातो. मग यांतील बरोबर उत्तर कोणते? आणि जेथे एकच एक उत्तर नाही, तेथे शिक्षकाने शिकवावयाचे तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या आचरणाने दिले, त्या थोर शिक्षकांत नारायण श्रीधर बेंद्रे यांची गणना करावी लागेल.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथील एका मराठी कुटुंबात झाला. होळकरांच्या त्या नगरीत द. दा. देवळालीकर हे चित्रकलेचे नामांकित शिक्षक होते. त्यांच्या हाताखाली बेंद्रे यांनी कलेचे पहिले धडे गिरविले. १९३३ मध्ये त्यांनी आग्रा विद्यापीठाची बी. ए. ही पदवी संपादन केली आणि पुढल्याच वर्षी मुंबईची चित्रकलेची पदविकाही मिळविली. एका हाती विद्यापीठाची पदवी आणि दुसऱ्या हाती कलेची पदविका, असा योग त्या काळी विरळाच होता. कारण चित्रकला ही हाताने करावयाची कारागिरी, आणि विद्यापीठ हे ग्रंथांचे घर, अशीच लोकांची समजूत होती.

पुढे बेंद्रे यांनी पुष्कळ प्रवास केला. काश्मीरमध्ये त्यांनी काही वर्षे चित्रकार म्हणून नोकरी केली व तेथील डोंगर, सरोवरे आणि माणसे रंगविली. १९४५ मध्ये ते शांतिनिकेतनास गेले. तेथे नंदलाल बोस, रामकिंकर बैज यांसारख्या कलावंतांचे काम त्यांना जवळून पाहावयास मिळाले. त्यानंतर अमेरिका व युरोप येथील कलाही त्यांनी डोळे भरून पाहिली. अशा रीतीने अनुभवाची मोठी शिदोरी बांधून १९५० साली ते बडोद्यास आले.

बडोद्याची भूमी कलेला अनुकूल होती. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत तेथे १८९० मध्ये कलाभवन स्थापन झाले होते. तेथील कीर्तिमंदिराच्या भिंती नंदलाल बोस यांनी भव्य चित्रांनी सजविल्या होत्या. १९४९ मध्ये महाराजांच्या नावाने विद्यापीठ सुरू झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यात ललितकलांची स्वतंत्र शाखा निघाली. इतिहास किंवा रसायनशास्त्र शिकून विद्यार्थी जसा पदवीधर होतो, तसाच चित्रकला व शिल्पकला शिकूनही तो पदवीधर होऊ लागला. त्या वेळी हंसाबेन मेहता या विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. मार्कंड भट्ट, शिल्पकार शंखो चौधरी, आणि थोड्याच दिवसांत के. जी. सुब्रमण्यन असे जाणते कलावंत तेथे अध्यापक म्हणून एकत्र आले. चित्रकला विभागाची धुरा बेंद्रे यांच्याकडे आली.

विद्यापीठातील कलेच्या अध्यापकाचे काम कसे असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इतर विषयांचा प्राध्यापक तासभर व्याख्यान देतो व वर्गाबाहेर पडतो. कलेच्या अध्यापकाला मात्र विद्यार्थ्यांच्या रंगांनी माखलेल्या खोलीतच दिवसाचा मोठा भाग काढावा लागतो. समोर बसलेल्या माणसाचे रेखाटन चालू असते. अध्यापक एकेकाच्या मागे उभा राहतो आणि न बोलता क्षणभर पाहतो. मग कोणाला म्हणतो, “खांद्यावरचा भार कोणत्या पायावर आला आहे, ते पुन्हा पाहा.” कोणाला सांगतो, “दोन पावले मागे सर आणि आता आपले चित्र बघ.” कधी तो विद्यार्थ्यांना घेऊन नदीकाठी वा बाजारात जातो. तेथे ऊन क्षणाक्षणाला बदलत असते. ते हातचे जाण्यापूर्वी पकडावयाचे असते. शिवाय कलेचा इतिहासही शिकवावा लागतो. अजिंठ्याच्या चित्रकारांनी डोळे कसे रेखाटले आणि मोगल चित्रकारांनी फुलाची पाकळी कशी रंगविली, हे ज्याला माहीत नाही, त्याच्या कुंचल्यामागे पूर्वजांचे बळ नसते.

या कामात एक मोठा धोका असतो. अध्यापकाचा हात सराईत असतो. विद्यार्थ्याचे चित्र बिघडू लागले, की कुंचला उचलून दोन फटकारे मारावे आणि चित्र सुधारून टाकावे, असा मोह त्याला पदोपदी होतो. त्याने तसे केले, तर चित्र सुंदर होते खरे. परंतु ते विद्यार्थ्याचे राहत नाही. हळूहळू सगळा वर्ग गुरूसारखीच झाडे आणि गुरूसारखीच आकाशे काढू लागतो. तो अनुकरणाचा कारखाना होतो, शाळा राहत नाही.

बेंद्रे यांच्यापुढे तर हा धोका अधिकच होता. निसर्गचित्रांबद्दल त्यांचा लौकिक देशभर झाला होता. १९५५ मध्ये त्यांच्या ‘काटा’ या चित्राला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अशा यशस्वी चित्रकाराची नक्कल करणे हा विद्यार्थ्याला कीर्तीचा जवळचा रस्ता वाटला असता. पण बेंद्रे स्वतःच एका वाटेवर थांबले नाहीत. निसर्गचित्रांत हात बसलेला असतानाही त्यांनी बडोद्यात घनाकारांच्या रचनेचे नवे प्रयोग केले, अमूर्त चित्रे करून पाहिली. आणि उत्तरायुष्यात रंगांच्या बारीक ठिपक्यांनी चित्र घडविण्याची रीत हाताळली. गुरूही अजून शिकतो आहे, चुकतो आहे, पुन्हा आरंभ करतो आहे, हे विद्यार्थी डोळ्यांनी पाहत होते. याहून मोठा धडा कोणता? १९५६ मध्ये ‘बडोदा ग्रुप’ या नावाने चित्रकारांचा एक संघ निघाला, त्यात गुरू आणि शिष्य यांची चित्रे शेजारी शेजारी लागली.

या शिक्षणाचे फळ काय, ते शिष्यांकडे पाहिले म्हणजे कळते. ज्योती भट्ट मुद्राचित्रणात नावाजले आणि खेड्यापाड्यांतील भिंतींवरच्या व अंगणांतल्या कलेची त्यांनी असंख्य छायाचित्रे घेतली. हकू शहा यांनी लोककला आणि कारागीर यांचा ध्यास घेतला. काश्मीरचे गुलाम रसूल संतोष तांत्रिक आकृतींकडे वळले. त्याच प्रदेशातून आलेले रतन परिमू कलेच्या इतिहासाचे व्यासंगी प्राध्यापक झाले. गुलाम मोहम्मद शेख चित्रकार, कवी आणि अध्यापकही झाले. एका झाडाच्या सावलीत वाढलेली ही रोपे. पण एकाचे पान दुसऱ्यासारखे नाही!

अध्यापकाच्या या कामाला मोलही द्यावे लागते. चित्रकाराचा दिवस जातो तो परत येत नाही. इतरांची चित्रे पाहताना आपले चित्र ईझलवर तसेच वाळत राहते. त्यात अधिकाराची जागा आली, म्हणजे बैठका, पत्रव्यवहार आणि परीक्षा यांची भर पडते. बेंद्रे १९५९ पासून ललितकला शाखेचे अधिष्ठाता होते. १९६६ मध्ये त्यांनी ते पद सोडले, मुंबईस वास्तव्य केले आणि आपला सारा वेळ चित्रांना दिला. आयुष्याची ऐन उमेदीची सोळा वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या डोळ्यांना दृष्टी देण्यासाठी वेचली होती. १९६९ मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण देऊन सरकारने त्यांचा गौरव केला. १९९२ च्या फेब्रुवारीत ते निवर्तले.

आता घागरीकडे पुन्हा वळू. तीस मुलांनी तीस चित्रे काढली, तर गुण कोणाला द्यावे? जो दुसऱ्याच्या कागदात डोकावला नाही, ज्याने घागर खरोखर पाहिली आणि जे पाहिले तेच निष्ठेने रेखाटले, त्याचे उत्तर बरोबर. चांगला शिक्षक आपली रेषा विद्यार्थ्याला देत नाही. विद्यार्थ्याची रेषा त्याला शोधून देतो.

शब्दार्थ
घाट – आकार, घडण. धुरा – जबाबदारी. अमूर्त – वस्तूचे प्रत्यक्ष रूप न दाखविणारे. मुद्राचित्रण – ठसा तयार करून त्यावरून चित्र छापण्याची कला. अधिष्ठाता – विद्यापीठातील शाखेचा प्रमुख. व्यासंगी – सतत अभ्यास करणारा.

स्वाध्याय
१. गणिताचे उत्तर आणि चित्र यांत लेखकाने कोणता भेद दाखविला आहे?
२. विद्यार्थ्याचे चित्र गुरूने स्वतः सुधारल्यास कोणती हानी होते?
३. “एकाचे पान दुसऱ्यासारखे नाही” हे विधान पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : धडे गिरविणे, डोळे भरून पाहणे, ध्यास घेणे.
५. घरातील एखादी वस्तू दहा मिनिटे नीट न्याहाळा. पूर्वी लक्षात न आलेल्या तिच्या तीन गोष्टी लिहा व तिचे रेखाटन करा.