‘तो वर आहे’ आणि ‘तो वर गेला’

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या व्याकरणाच्या पुस्तकात स्थलवाचक क्रियाविशेषणांचे दोन भेद दिलेले असतात: स्थितिदर्शक आणि गतिदर्शक. येथे, तेथे, वर, खाली, मध्ये ही पहिल्या भेदाची उदाहरणे होत; इकडून, तिकडून, वरून, खालून, लांबून ही दुसऱ्याची. बहुतेक विद्यार्थी या दोन्ही याद्या तोंडपाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवून मोकळे होतात. परंतु दरवर्षी एखादा विचारी मुलगा किंवा मुलगी वर्गात उभी राहून विचारतेच की, ‘तो वर गेला’ या वाक्यात गती तर उघड दिसते. मग येथे ‘वर’ हा शब्द स्थितिदर्शक कसा? प्रश्न रास्त आहे. ‘यादीत तसे आहे’ एवढे सांगून विचारणाऱ्यास खाली बसविणे आम्हांस बरे वाटत नाही. या प्रश्नाचे उत्तर मराठीत राहून नीट दिसत नाही. ते दिसण्यासाठी दुसऱ्या एखाद्या भाषेच्या अंगणात उभे राहून आपल्या घराकडे पाहावे लागते. आज आम्ही तुम्हांस त्यासाठी युरोपच्या उत्तरेस, डेन्मार्क देशात नेणार आहो.

हा देश आपणांस वाटतो तितका परका नाही. कलकत्त्याजवळील श्रीरामपूर (आपल्या नगर जिल्ह्यातील नव्हे) हे गाव १७५५ पासून १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. तेथे राहून विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले. वैजनाथ पंडितांसारख्या मराठी विद्वानाचे साहाय्य त्यांस होते. म्हणजे आपल्या भाषेच्या आद्य छापील व्याकरणांपैकी एक डॅनिश निशाणाखालच्या गावात जन्मले. पुढे १८२० साली रास्मुस रास्क नावाचा डॅनिश भाषापंडित इराणातून मुंबईस आला आणि त्याने पारशांच्या प्राचीन ग्रंथांच्या हस्तलिखित प्रती मिळवून आपल्या देशी नेल्या. याच रास्कने त्यापूर्वी, १८११ साली, आइसलंडच्या भाषेचे व्याकरण लिहिले होते. त्या भाषेचा उल्लेख पुढे येईल, म्हणून हे नाव ध्यानात ठेवा.

आता मूळ विषय. डॅनिश भाषेत ‘वर’ या अर्थी दोन शब्द आहेत. कोणी जिना चढून वर जात असेल तर ‘ऑप’. तो वर बसलेला असेल तर ‘ऑपे’. ‘बाहेर’ या अर्थी जाणाऱ्यास ‘ऊद’, असणाऱ्यास ‘ऊदे’. ‘आत’ला ‘इन’ आणि ‘इने’, ‘खाली’ला ‘नेद’ आणि ‘नेदे’, ‘घरी’ला ‘येम’ आणि ‘येमे’. (उच्चार आम्ही स्थूलमानाने दिले आहेत, ‘ऊद’मधील द् इतका मऊ असतो की नवख्या कानास तो ल् सारखा भासतो.) आखूड शब्द चालतो, आणि त्याच्या शेवटी एक ‘ए’ लागला की तो बसतो. इतकासा स्वर, पण त्यावाचून वाक्य बिघडते. ‘मी घरी आहे’ असे सांगताना ‘येमे’ऐवजी ‘येम’ म्हटले, तर ऐकणारा डॅनिश माणूस गोंधळतो. त्याच्या कानाला ते वाक्य अर्ध्या वाटेत थांबलेले वाटते.

यातील खरी मौज क्रियापद एकच ठेवले म्हणजे कळते. ‘मुलगा बागेत धावतो’ हे आपले वाक्य घ्या. डॅनिशमध्ये ‘धावतो’ या क्रियापदापुढे ‘ऊद’ घातले तर मुलगा घरातून निघून धावत बागेत शिरला. ‘ऊदे’ घातले तर तो आधीपासून बागेतच असून तेथल्या तेथे धावतो आहे. क्रियापद तेच, बाग तीच, मुलगाही तोच. उंबरठा ओलांडला की नाही, हे तो शेवटचा ‘ए’ सांगतो. मराठीत हा भेद कसा दाखवाल? पहिल्या अर्थी आपण ‘मुलगा बागेत धावत गेला’ म्हणतो, दुसऱ्या अर्थी ‘मुलगा बागेत धावत होता’. ‘बागेत’ हा शब्द जागचा हललासुद्धा नाही. जे काम डॅनिश भाषा क्रियाविशेषणाच्या अंत्य स्वराकडून करून घेते, ते मराठी ‘गेला’ आणि ‘होता’ या क्रियापदांकडे सोपविते.

याची उलट परीक्षाही करून पाहा. शाळा सुटताना डॅनिश मूल म्हणते, ‘याय स्काल येम’. शब्दशः पाहिले तर ‘मला घरी पाहिजे’ असे काहीतरी होईल. ‘जाणे’ हे क्रियापद त्यात कोठेच नाही. ते नसले तरी अडत नाही, कारण ‘येम’ या शब्दाच्या पोटातच जाणे आहे. आपल्या मुलास मात्र ‘मला घरी जायचे आहे’ असे पुरे म्हणावे लागते. ‘जायचे’ काढून ‘मला घरी आहे’ म्हटले, तर मराठी उरत नाही.

तर मग मराठीत स्थिती आणि गती यांस निरनिराळे शब्दच नाहीत की काय? शोधून पाहू. ‘तो जालन्याला राहतो’, ‘तो जालन्याला गेला’. ‘आई शेतात आहे’, ‘आई शेतात गेली’. ‘ताई मामाकडे असते’, ‘ताई मामाकडे गेली’. ‘आजोबा गावी आहेत’, ‘आजोबा गावी गेले’. कोठेही भेद नाही. कोणास वाटेल की ‘वर’ आणि ‘वरती’, ‘खाली’ आणि ‘खालती’ या जोड्या डॅनिश जोड्यांसारख्या असतील. दिसण्यात त्या तशा आहेत खऱ्या. पण ‘वर ये’ आणि ‘वरती ये’, ‘वर आहे’ आणि ‘वरती आहे’ ही चारही वाक्ये आपल्याकडे सारखीच चालतात.

आता हेच शब्द ‘निघणे’ या क्रियेपुढे ठेवा, म्हणजे मराठी जागी होते. ‘तो जालन्याहून निघाला’, ‘आई शेतातून आली’, ‘ताई मामाकडून आली’, ‘दगड वरून पडला’, ‘आवाज बाहेरून आला’. येथे प्रत्येक शब्दाने रूप बदलले. सुटण्याच्या जागेस मराठीने ‘ऊन’ व ‘हून’ असे स्वतंत्र प्रत्यय दिले. राहण्याची जागा व पोहोचण्याची जागा यांस मात्र एकाच पाटावर बसविले. आता पुस्तकातील ती गतिदर्शक यादी पुन्हा वाचा: इकडून, तिकडून, वरून, खालून, लांबून. सगळे ‘ऊन’वाले! वर्गातील त्या प्रश्नाचे उत्तर हेच. यादी चुकीची नाही, पण तिचे नाव जरा मोठे पडले आहे. ‘गती’ म्हणताना तिच्यात बहुशः ‘तेथून’ची गती आली आहे, ‘तेथे’ जाण्याच्या गतीस मराठीत वेगळे रूपच नसल्यामुळे ती यादीत यावी कोठून? ‘तो वर गेला’ यातील गती ‘गेला’मध्ये आहे, ‘वर’ केवळ ठिकाण सांगतो. परीक्षेत हा प्रश्न आला तर भेदाचे नाव लिहून थांबू नका, हे कारणही एका वाक्यात लिहा.

प्राचीन भाषांनी या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या. संस्कृतात ‘ग्रामं गच्छति’, ‘ग्रामे वसति’, ‘ग्रामात् आगच्छति’ ही तीन रूपे तुम्ही शिकताच. आइसलंडच्या भाषेत, जिचे व्याकरण रास्कने लिहिले, ‘हेम’ म्हणजे घराकडे, ‘हेमा’ म्हणजे घरी, ‘हेमान’ म्हणजे घरून, असे तीन शब्द आजही बोलण्यात आहेत. डॅनिशने त्यांतील तिसरे रूप गमावले आणि बसलेल्या शब्दासच ‘पासून’ या अर्थाचा ‘फ्रा’ जोडून ‘येमेफ्रा’, ‘ऑपेफ्रा’ असे शब्द तयार केले. आपण ‘वर’ला ‘ऊन’ जोडून ‘वरून’ करतो, तसेच हे. इंग्रजीतही पूर्वी ‘हिअर’ आणि ‘हिदर’, ‘देअर’ आणि ‘दिदर’ असा भेद असे. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात तो पदोपदी आढळतो. आजच्या इंग्रजीने तो बहुतेक टाकून दिला, पण ‘इन’ आणि ‘इन्टू’ यांत त्याची खूण राखली. आमचे विद्यार्थी ‘गो टू होम’, ‘कम टू हिअर’ असे लिहितात, त्याचे मूळ आळसात नाही. ‘घरी’ आणि ‘इकडे’ यांत गती नाही, ती बाहेरून घालावी लागते, असे त्यांची मातृभाषा त्यांस शिकविते. म्हणून ते प्रामाणिकपणे ‘टू’ घालतात. पालकांनी अशा चुकीवर रागावण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे.

मराठीच्या पदरी एक संपत्ती मात्र आहे. ‘घरी गेला’ आणि ‘घराकडे गेला’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात माणूस पोहोचला. दुसऱ्यात त्याचे तोंड घराच्या दिशेस आहे, पोहोचेल की वाटेत पारावर गप्पा मारीत बसेल, याची हमी नाही. ‘येथे’ आणि ‘इकडे’, ‘कोठे’ आणि ‘कोणीकडे’ यांतही मुळात हाच भेद, ठिकाणाचा आणि दिशेचा. आपल्या भागात रस्त्यात भेटलेला माणूस ‘कुणीकडं?’ एवढेच विचारतो, आणि क्रियापद नसतानाही प्रश्न जाण्याविषयी आहे हे कळते. ‘याय स्काल येम’च्या सर्वांत जवळ मराठी येते ती येथे. पूर्वीच्या स्त्रिया पतीचे नाव घेत नसत, तेव्हा ‘इकडून’ आणि ‘तिकडून’ या दिशादर्शक शब्दांनीच त्याचा निर्देश करीत. क्रियाविशेषणाने सर्वनामाची जागा घेतल्याचे हे उदाहरण होय.

घनसावंगीच्या मुलांस शेवटी एक जवळचे उदाहरण देतो. आपल्या तालुक्याच्या दक्षिणेस गोदावरी वाहते. आपण तिला ‘गंगा’ म्हणतो. तिच्या अलीकडे आपण, पलीकडे बीड जिल्हा. ‘मावशी पलीकडे असते’ आणि ‘मावशी पलीकडे गेली’, आपला शब्द एकच. डेन्मार्क देशाचेही पाण्याने तुकडे झालेले आहेत: कोपनहेगन ही राजधानी शेलंड बेटावर, तर युटलंड हा द्वीपकल्पाचा भाग समुद्राच्या पलीकडे. राजधानीतील माणूस युटलंडात जाणाऱ्याविषयी ‘ओवर’ म्हणतो आणि तेथे राहणाऱ्याविषयी ‘ओवरे’. १९९८ साली मधल्या खाडीवरचा मोठा पूल वाहनांस खुला झाला आणि पलीकडे जाण्यास नावेची गरज उरली नाही. पण ‘ओवर’ आणि ‘ओवरे’ अजून वेगळेच आहेत.

आता ही वाक्ये वहीत लिहून घ्या आणि प्रत्येक ठिकाणी डॅनिश मूल आखूड शब्द वापरील की ‘ए’ लावलेला, ते ठरवा: मांजर माळ्यावर चढले. मांजर माळ्यावर झोपले आहे. पाऊस येताच मुले आत पळाली. आत अंधार आहे. पोहरा खाली विहिरीत पडला आहे. शेवटच्या वाक्याशी जरा थांबा. पोहरा आताच पडला, की कालपासून तेथे पडून आहे? मराठी वाक्य दोन्ही अर्थ देते, म्हणून उत्तरेही दोन होतील. ती दोन्ही लिहा, आणि घरी आजीस विचारा की हे दोन अर्थ वेगळे सांगायचे झाल्यास ती काय म्हणेल.