स्पीकर आवडला, पण घरी का बिघडला?

मागच्या वर्षी एका दुकानात ऐकून मी स्पीकरची जोडी घेतली. डग्गा असा घुमला की किंमत विसरले. घरी मात्र तो इतका घुमू लागला की भारतातून आलेल्या बाबांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "अगं, गाणारा कुठे गेला?"

दोष थोडा खोलीचा, थोडा माझा.

आधी खोली. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनिलहरी मागेपुढे परावर्तित होतात आणि काही ठरावीक वारंवारता फुगतात. हिशोब सोपा आहे: ध्वनीचा वेग (सेकंदाला सुमारे ३४३ मीटर) भागिले भिंतींमधल्या अंतराची दुप्पट. माझी खोली ४ मीटर लांब, म्हणजे सुमारे ४३ हर्ट्झ, आणि त्याच्या पटीत ८६, १२९. हा फुगवटा भिंतीलगत सर्वाधिक असतो. माझे स्पीकर कोपऱ्यात आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला!

आता माझी चूक. दोन स्पीकरपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो, तोच आपल्याला चांगला वाटतो. शिवाय आवाज मोठा केला की कानाला खर्ज जास्त प्रमाणात वाढल्यासारखा वाटतो. दुकानात नेमकं हेच झालं.

डोळेही फसवतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवलं की स्पीकर दिसत असताना आणि पडद्याआड असताना तेच श्रोते वेगवेगळे गुण देतात. पडद्याआड मात्र बहुतेकांची पसंती जुळते: ज्याचा प्रतिसाद सपाट, कुठेही उंचवटे नसलेला, तो स्पीकर. मग वैयक्तिक आवड कुठे उरते? मुख्यतः खर्ज किती हवा यात.

म्हणून निवडताना एवढं करा:

१. पाठ असलेली तीन-चार रेकॉर्डिंग न्या. एखादं नुसत्या गळ्याचं असू द्या.
२. फोनवरच्या ध्वनिमापक ॲपने, एकाच जागेवरून, दोन्ही स्पीकरचा आवाज सारखा करून घ्या.
३. डोळे मिटा, बदलाबदल दुसऱ्याला करू द्या.
४. प्रत्येकी एकच स्पीकर ऐका. दोष लवकर कळतात.
५. परत करण्याची सोय असेल तरच घ्या. शेवटची परीक्षा घरीच.

मी नवे स्पीकर घेतले नाहीत. होते ते कोपऱ्यातून बाहेर काढले, सोफा पुढे ओढला. त्या संध्याकाळी बाबा काहीच बोलले नाहीत. डोळे मिटून पूर्ण ख्याल ऐकत बसले.

तुमच्या खोलीची लांबी किती? आकडा काढून बघा.